उसवलेली पाठ

मोजपट्टीचे टोक आईने मुलीच्या काखेखाली दाबून धरले आणि पट्टी पाठीवरून फिरवून पुढे आणली.

"श्वास सोड."

"सोडलाय."

"हात जरा वर घे."

"आई, आटप ना. थंडी वाजतेय."

बाहेर चांगले रणरणते ऊन होते. पंखासुद्धा चालू होता. पट्टी जिथे जुळली तिथे आईने अंगठ्याचे नख रोवले, आकडा पाहिला, पट्टी सैल केली आणि पुन्हा एकदा गुंडाळली. मधे कुठेतरी दुमडली असेल, असे तिला वाटले होते. दुमडली नव्हती.

"आलं का माप?"

"आलं."

"मग?"

"मग काही नाही. घाल शर्ट."

मुलीने एकावर एक दोन शर्ट चढवले आणि ती आपल्या खोलीत निघून गेली. अलीकडे ती जवळ घेऊ देत नव्हती. कपाळाला हात लावला तरी मान मागे घ्यायची. मापापुरती मात्र ती उभी राहायची, हात वर करून, भिंतीकडे बघत. तेवढ्यात आईला तिची पाठ चाचपून घेता येई. आज बोटांखाली पाठीचा एकेक मणका मोजता आला असता.

आई दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकांची आणि कानांची मापे घेत असे. तिने बसवलेला चष्मा घसरत नाही, अशी दुकानात तिची ख्याती होती. मुलीच्या अंगावरून मात्र आता सगळेच घसरत होते: घड्याळ, पॅन्ट, खांद्यावरची बॅग.

खुर्चीवर स्वेटरची पाठ पडली होती. राखाडी लोकर, आईने स्वतः टकळीवर कातलेली. मुलगी वसतिगृहातून सुट्टीला येणार म्हणून तिने सुया हातात घेतल्या होत्या. मुलगी आली, आणि सुट्टी संपली तरी परत गेली नाही. पहिल्यांदा पाठ विणून झाली तेव्हा ती दोन्ही बाजूंनी लोंबली. आईला वाटले, आपलाच हात सैल पडला. तिने ती उसवली आणि कमी टाक्यांवर पुन्हा घातली. तीही लोंबली. ही तिसरी होती, आणि आताच्या मापाने हीसुद्धा मोठी होती. तिने शेवटच्या ओळीतले टोक शोधले आणि ओढले. टाके सरसर सुटत गेले. विणायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या पावपटही उसवायला लागत नाही.

शनिवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत मंडळी जमत. हाताला चाळा हवा म्हणून जमायचे, म्हणून 'चाळा मंडळ'. नेहमीचे चौघे: आई, दातांची डॉक्टरीण, निवृत्त झालेले गणिताचे सर आणि एक लाँड्रीवाली. लाँड्रीवालीला सगळे गुंडी म्हणत. गोल बांध्यामुळे हे नाव तिने स्वतःच घेतले होते, आणि कोणी ताई-बाई म्हटले तर ती ओ देत नसे.

"हीच लोकर परत?" डॉक्टरिणीने गुंडा हातात घेऊन उजेडात धरला. "किती कुरळी झालीय बघ. आणखी एकदा उसवलीस तर पीळच राहायचा नाही तिच्यात."

"माप बदललं," आई म्हणाली.

"अजून?"

आईने दोन पंजे समोर धरून रुंदी दाखवली. मग ते पंजे हळूहळू जवळ आणले. सरांची टकळी फिरायची थांबली आणि धाग्याला लटकत राहिली.

मग सगळे एकदम बोलू लागले. डॉक्टरिणीच्या ओळखीत या आजाराचे मोठे तज्ज्ञ होते. आई म्हणाली, त्यांच्याकडेच चालू आहे. सर म्हणाले, जबरदस्ती अजिबात करू नका, पण सोडूनही देऊ नका. म्हणजे नेमके काय करायचे, ते त्यांनाही सांगता येईना. गुंडीने तेवढ्यात आपल्या मांडीवरचा कातायचा पेळू बाजूला ठेवला.

"तू जुन्याच मापाचा विण गं. अंग येईल मागून."

"आणि नाही आलं तर?"

"तर मला दे. मी मफलर म्हणून वापरीन. एवढ्यात माझी मानच मावेल."

कोणी हसले नाही. मग आईच हसली, आणि हसता हसता तिला नाक पुसावे लागले.

जेवताना जेवणाविषयी बोलायचे नाही आणि ताटाकडे बघायचे नाही, असे तज्ज्ञांनी सांगितले होते. त्यामुळे घरात जेवताना लिफ्टविषयी बोलणे चाले. बाबा लिफ्ट दुरुस्त करीत. रोज कोणी ना कोणी कुठे तरी अडकलेले असे.

"आज एक आजीबाई अडकल्या होत्या," बाबा म्हणाले. "घाम फुटला मला, दार उघडेपर्यंत. उघडलं तर म्हणतात, इतक्यात कशाला काढलंत, जरा निवांत बसले होते."

मुलगी ओठातल्या ओठात हसली. तिने बटाट्याचे दोन तुकडे केले, त्या दोनांचे चार. मग ते ताटाच्या कडेला नीट ओळीत लावले. आई मिठाच्या डबीकडे बघत होती.

"आई."

"काय गं?"

"डबीत ताट दिसतंय ना तुला?"

स्टीलच्या डबीत ताट खरोखरच दिसत होते, वाकडे आणि लांबट. आईने डबी उचलून मांडीवर घेतली. बाबांनी हात लांब करून मुलीचे ताट आपल्याकडे ओढले आणि ते गार बटाटे एकामागून एक तोंडात कोंबू लागले.

"हे असं," ते भरल्या तोंडाने म्हणाले. "हे बघ. असं तोंड उघडायचं, घास घालायचा, चावायचं. एवढंच. एवढंच तर असतं गं."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होते आणि ते चावत होते.

"बाबा, नका ना," मुलगी उठून त्यांच्या मागे आली. तिने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "बाबा, मला करायचं असतं. खरंच असतं. होत नाही."

पुढच्या शनिवारी वाचनालयात रंगकाम निघाले म्हणून मंडळी आईच्या घरी आली. घरात परकी माणसे आल्यावर मुलगी खोलीतून बाहेर येणार नाही, हे आईने गृहीतच धरले होते. गुंडी कात्री मागायला म्हणून तिच्या खोलीत गेली, ती बराच वेळ आलीच नाही. आई दोनदा पाणी प्यायला उठली आणि दोन्ही वेळा दाराजवळ घुटमळली. आतून गुंडीचा खणखणीत आवाज येत होता. मधेच मुलीचा आवाज, बारीक, पण सलग. आईला तिच्या तोंडून इतकी सलग वाक्ये ऐकून किती तरी काळ लोटला होता.

"काय चाललं होतं एवढं?" गुंडी बाहेर आल्यावर तिने विचारले.

"काही नाही गं. इस्त्रीच्या गप्पा."

"खाण्याचं काढलंस का?"

"मी कशाला काढू? तिनेच विचारलं मला, मावशी, एवढं अंग घेऊन फिरायची लाज नाही वाटत?"

"अगं बाई. असं विचारलं?"

"सरळ तोंडावर. म्हटलं, वाटते की. लग्नात फोटो काढताना तर फारच वाटते. पण कपड्यांची गाठोडी उचलायला बरं पडतं." गुंडी खाली बसली आणि तिने टकळी हातात घेतली. "मला आवडलं तिचं विचारणं. बाकीचे मनात म्हणतात."

आईने सुईवरचे टाके पुढे सरकवले. तिला मुलगी फक्त 'आटप ना' म्हणायची.

त्याच आठवड्यात एका सकाळी न्हाणीघरात पाण्याचा मग पडल्याचा आवाज झाला आणि त्याच्यामागून दुसरा, जड आवाज. दाराची कडी बाबांनी हत्याराने उचकटली. मुलगी शुद्धीवर होती. "काही नाही, घसरले," असे ती रुग्णवाहिकेत बसेपर्यंत सांगत राहिली. तिला उचलून जिन्यावरून खाली आणताना बाबांना धापसुद्धा लागली नाही.

वॉर्डाच्या दारात परिचारिकेने आईची पिशवी तपासली.

"सुया आत नाही नेता येणार. लोकरही नाही. धागादोरा काहीच नाही."

"लाकडाच्या आहेत. बोथट आहेत."

"तरी नाही. इथे सगळ्यांना सारखाच नियम आहे, ताई."

पहिले काही दिवस आई जेवणाच्या वेळी मुलीच्या पलंगाशी बसली, रिकाम्या हातांनी. मग परिचारिकेने तिला बाजूला घेतले. ती आवाज चढवणारी बाई नव्हती. तुम्ही समोर असलात की ती घास नुसता फिरवत बसते, ती म्हणाली. जेवणापुरत्या बाहेर थांबा, आम्ही बघतो. म्हणून आई बाहेरच्या बाकावर बसू लागली. दार बंद होई. आतून भांड्यांचे आवाज येत. कधी कधी मुलीचे रडणे येई आणि परिचारिकेचे तेच ते शांत बोलणे. आईने बाकावर बसून चौथ्यांदा पाठ घातली. कोणत्या मापाने, हे तिने स्वतःलाही विचारले नाही.

शनिवारी दुपारी चाळा मंडळ तिथे येऊन थडकले. खालच्या रखवालदाराने एका रुग्णामागे दोनच माणसे म्हणून अडवले होते, पण त्याची दाढ डॉक्टरिणीनेच काढलेली निघाली. सर बाकाच्या टोकाला बसले, डॉक्टरीण आईच्या एका बाजूला, गुंडी दुसऱ्या बाजूला. या वेळी कोणी सल्ला दिला नाही. पिशव्या उघडल्या, सुया निघाल्या. जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी काही जण वळून बघत होते.

जेवणाचा गाडा आत गेला आणि दार बंद झाले. आईचे हात चालू राहिले, पण ती एकाच ओळीत दोनदा चुकली आणि दोनदा मागे गेली. मग अचानक दार उघडले. जेवण आटोपायची वेळ अजून झाली नव्हती.

"ताई, जरा येता?" परिचारिका म्हणाली.

"इथेच सांगा. ही आपलीच माणसं आहेत."

परिचारिकेने एकदा सगळ्या बाकावरून नजर फिरवली. "ती म्हणतेय, तुम्ही घरी जा. तुम्ही बाहेर बसलेल्या असता हे तिला आत कळत राहतं म्हणे. मग गिळवत नाही."

"मी तर आवाजही करत नाही."

"माहीत आहे मला."

"खाली बसते मग. फाटकाशी."

आईने विणकाम मांडीवर ठेवले आणि त्यावर दोन्ही हात ठेवले.

"आणि लाँड्रीवाल्या मावशी कोण?" परिचारिकेने विचारले. "सगळ्यांचा आवाज ऐकला तिने. त्या जवळ बसणार असतील तर बघते म्हणाली. खाईनच असं नाही, बघते म्हणाली."

गुंडी जागची हलली नाही. तिचे मोठे गोल तोंड एकदम पोरीसारखे दिसू लागले.

"मी नाही जात," ती आईला म्हणाली. "तू आहेस ना. मी कोण?"

आईने हात पुढे केला आणि गुंडीच्या अंबाड्यात खोचलेली सुई उपसून काढली. केस मोकळे होऊन खांद्यावर आले.

"हे आत चालत नाही," ती म्हणाली. "खिशात काय आहे बघ. टकळी काढ."

गुंडीने टकळी काढून दिली.

"तिचे पाय गार पडतात," आई म्हणाली, "आणि पाणी कोमट..." मग तिने बोलणे सोडून दिले. "जा. तुझं तू बोल."

दार गुंडीमागे बंद झाले. सर घसा खाकरून म्हणाले, "मी सोडतो तुम्हाला घरापर्यंत." आई नको म्हणाली. डॉक्टरिणीने तिची पिशवी भरून दिली.

ती जिना उतरून फाटकाबाहेर आली. समोर एक टपरी होती. तव्यावर अंडी तडतडत होती आणि पाव भाजल्याचा वास सगळ्या रस्त्यावर पसरला होता. ती टपरीच्या पुढे गेली, थोडी चालली आणि परत फिरली.

"एक द्या," ती म्हणाली.

कागदावर मिळालेल्या अंडापावाचा पहिला घास तिची जीभ भाजत गेला. तिने तो थुंकला नाही, फुंकरही घातली नाही. पाव संपला तसा तिने आणखी एक मागितला, भरपूर लोण्याचा. टपरीवाल्याने बसायला स्टूल पुढे केले. तिने वर पाहिले. वॉर्डाच्या खिडक्या बरोबर रस्त्याच्या अंगाला होत्या. कोणती कोणाची, ते खालून कळत नव्हते.

ती कागद घेऊन टपरीच्या मागच्या बाजूला गेली, आणि तिथे भिंतीकडे तोंड करून, उभ्या उभ्या, सगळे खाल्ले.