वजन तेवढंच

“मास्तर, उतरा आता. मागे गाडी उभीये,” ड्रायव्हर कंटाळून म्हणाला, तरी काटेमास्तर वजनकाट्यावरून हलेनात. चपला काढून ठेवल्या होत्या, किल्ल्यांचा जुडगा बाजूला ठेवला होता, श्वाससुद्धा रोखून धरला होता. आकडा लग्नाच्या वर्षी होता तोच. किलोभर इकडे नाही की तिकडे नाही.

रद्दीच्या या गोदामात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. आधी पाठीवर गठ्ठे वाहिले. मग कंबर कुरकुरायला लागली तेव्हा मालकाने काट्याशेजारी खुर्ची दिली, आणि त्या खुर्चीत मास्तर असे बसले की बसलेच. फक्त रोज सकाळी काट्यावर चढायची सवय सुटली नाही. वजन जागेवर म्हणजे माणूस जागेवर, असा त्यांचा साधा हिशोब. पण दवाखान्यातून आलेला कागद सांगत होता, रक्तातली साखर पुन्हा चढली आहे. हे ‘पुन्हा’ त्यांना झोंबलं. पहिल्यांदा चढली तेव्हापासून त्यांनी ताट अर्धं केलं होतं, चहा बिनसाखरेचा घशाखाली ढकलला होता. साखर व्हायची तर ढेरीवाल्या मालकाला व्हावी, आपल्यासारख्या सडपातळ माणसाला कशी?

सकाळपासून जीव थाऱ्यावर नव्हता. बसलं की उठावंसं वाटे, उठताना खुर्चीचे हात धरावे लागत, आणि उठल्यावर करायचं काय ते सुचत नसे. त्याच तिरमिरीत त्या ड्रायव्हरच्या मालावर नजर गेली. गठ्ठा काट्यावर चढला, वजन चोख भरलं, पण मास्तरांनी नेहमीप्रमाणे कागदाच्या थरांत कोपरापर्यंत हात खुपसला. आत गार, लिबलिबीत ओल. कागद कमी भरायचा आणि पोटात पाणी मारून वजन पुरं करायचं, ही या धंद्यातली जुनीच चलाखी. “काट्याला फसवशील, माझ्या हाताला नाही,” असं सुनावून त्यांनी गाडी परत पाठवली. एरवी अशा दिवशी ते शीळ घालत घरी जायचे. आज ओठांवर शीळ आली नाही.

खरी भीती साखरेची नव्हतीच. लकव्याचा झटका आल्यापासून बायकोचे पाय तिचं ऐकत नव्हते. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, तिला मास्तरच उचलत. मुलगी नर्स होती, दुसऱ्या गावी राहायची. आईला माझ्याकडे नेते, असं ती किती दिवस म्हणत होती, आणि मास्तरांचं उत्तर ठरलेलं: मी उचलतोय तोवर ती इथेच राहील. मुलगी आज येणार होती, आणि आल्या आल्या कागद मागणार होती.

तिने मागितलाच. वाचून झाल्यावर तिने स्वयंपाकघरातली बिनहातांची खुर्ची पलंगाजवळ आणून ठेवली.

“बाबा, बसा आणि कशालाही हात न लावता उठून दाखवा.”

हा काय पोरखेळ, म्हणत मास्तर बसले. उठायला गेले, निम्म्यावर आले आणि धपकन खाली बसले. दुसऱ्यांदाही तीच गत. मग चिडून त्यांनी पलंगाची कड धरली आणि उठले.

“माझं वजन तेवढंच आहे,” ते म्हणाले. “तरुणपणी होतं तेवढंच.”

“वजन तेवढंच आहे, बाबा. पण मांस झडलं आणि त्याच्या जागी चरबी बसली.”

खाल्लेल्यातली साखर सगळ्यात जास्त हे मांड्यांचे, पाठीचे स्नायूच रिचवतात, तिने समजावलं. गिऱ्हाईकच कमी झालं तर माल रक्तात पडून राहणार. बसून बसून खुर्चीने खाल्लं त्यातून जे मांस उरलं होतं, ते या अर्ध्या ताटाने संपवत आणलं. गोळ्या घ्यायच्याच, पण अंडी, डाळी घेऊन नीट जेवायचं आणि अंगाला पुन्हा जोर करायला लावायचा.

मास्तरांना सकाळचा गठ्ठा आठवला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. लोकांच्या मालात कोपरापर्यंत हात घालणाऱ्याने स्वतःची मांडी कधी चाचपून पाहिली नव्हती. त्यांना लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली. म्हणून त्यांनी हातातला शेवटचा पुरावा पुढे केला.

“मग हिला कसा उचलतो? उलट हल्ली जास्त सहज उचलतो. विचार तुझ्या आईला.”

बायको पलंगावर उशीला टेकून ऐकत होती. ती पांघरुणाची घडी सारखी करत राहिली.

“सहज उचलता, कारण मी कमी जेवते,” ती म्हणाली. “मागे न्हाणीघरात तुमचे हात थरथरले होते. तुम्ही बोलला नाहीत, मग मीही नाही बोलले. म्हटलं, आपणच हलकं व्हावं.”

मुलीने आईची बाही वर सरकवली आणि दंड पाहून तिचे डोळे भरले. उद्याच नेते तुला, ती म्हणाली. मास्तर खिडकीपाशी गेले, दारापाशी आले, पुन्हा खिडकीपाशी गेले. ‘भूक नाही’ म्हणून रोज बाजूला सारलेलं तिचं ताट त्यांना आठवत होतं, आणि त्याच दिवसांत आपण स्वतःच्या दंडांवर खूश होतो हेही.

मग ते त्या खुर्चीत जाऊन बसले. पाय मागे घेतले, छाती पुढे केली. गठ्ठा पाठीने नाही, पायांनी उचलायचा, हे नव्या हमालांना त्यांनीच शिकवलं होतं. दात आवळून ते उठले. गुडघे लटपटत होते, पण हात मोकळे होते. मग ते पुन्हा बसले, आणि दुसऱ्यांदा काही उठता आलं नाही.

“थोडे दिवस दे मला,” ते मुलीला म्हणाले. “तोवर हिला उचलायला बाई ठेवतो.”

आजवर हे त्यांच्या तोंडून कुणी वदवू शकलं नव्हतं. मुलगी स्वयंपाकघरात गेली. तिने ताटं वाढली. आईने नेहमीसारखं ‘पुरे’ म्हटलं म्हणून तिला मूठभरच भात घातला, बाबांच्या ताटात अंडं ठेवलं. मास्तर खुर्चीतून तिसऱ्यांदा उठायची खटपट करत होते.

बायको त्यांच्या गुडघ्यांकडे बघत राहिली. मग तिने आपलं ताट मुलीपुढे सरकवलं.

“मला अजून वाढ,” ती म्हणाली.