राईतली वाट

वाटेच्या मधोमध उगवलेलं जांभळाचं रोप ज्योत्स्नाबाईंनी मुठीत धरलं, हलवून मुळं सैल केली आणि आता उपटणार, एवढ्यात मागून भिका म्हणाला,

"राहू द्या ते, बाई."

बाईंचा हात थांबला. इतक्या वर्षांत भिकाने वाटेतलं एक रोप कधी राहू दिलं नव्हतं. "आज लहान हाय, उद्या वाट अडवंल," हे त्याचंच म्हणणं. आणि आज तोच एका मुळावर गुडघा चोळत बसला होता.

पेठ तालुक्यातल्या एका पाड्याची ही देवराई. माणसाच्या कवेत न मावणारे बेहडे आणि आंबे, मांडीएवढ्या जाडीचे गारंबीचे वेल, आणि त्यांच्यातून गेलेली ही पाऊलवाट. राईत लोखंड न्यायचं नाही, ही इथली रीत. कोयता असो की खुरपं, बाहेरच्या शेंदरी दगडाशी ठेवायचं आणि मगच आत पाऊल टाकायचं. बाई तर साडीची पिनसुद्धा काढून दगडावर ठेवायच्या. त्यामुळे वाट साफ करायची ती हातांनीच. पानं लोटायची, वेल वळवून बाजूला करायचे, रोपं उपटायची. दसरा झाला की बाई नाशिकहून पहाटेची एसटी धरून यायच्या आणि दिवसभर पाड्यावरच्या भिकाच्या जोडीने राबायच्या. नाशिकच्या शाळेतल्या बाकीच्या बाया चेष्टा करायच्या, "निघाल्या पगारेबाई जंगल झाडायला!" बाई हसून सोडून द्यायच्या.

एकोणीसशे शहाण्णवच्या श्रावणात त्या इथल्या आश्रमशाळेत शिकवत होत्या. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. नदीला पूर, गाडीरस्ता पाण्याखाली. चौघांनी घोंगडीची डोली केली आणि या राईतून त्यांना पलीकडच्या डांबरी रस्त्यावर नेलं. त्यातलं बाईंना थोडंच आठवायचं. ओल्या पानांचं छप्पर, सगळ्यांच्या पुढे चाललेल्या भिकाची पाठ, आणि खट् खट् असा एक आवाज. "अजून अर्धा तास गेला असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या," पेठच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं होतं. दुसरी म्हणजे त्यांची लेक स्नेहा. ती आता अकरा वर्षांची होती आणि घर डोक्यावर घेत होती.

बाई काही देवळात जाणाऱ्यांतल्या नव्हत्या. घरात बुद्धाची तसबीर, तीही वडिलांच्या हातची. पण या वाटेवर पाय ठेवला की त्यांचे हात आपोआप जुळायचे, झाडांसाठी, वाटेसाठी.

"का राहू द्यायचं?" त्यांनी विचारलं.

"गुडघा ऐकंना यंदा. मोडू द्यावी म्हणतो वाट."

बाई रोप सोडून त्याच्याकडे वळल्या.

"मोडू द्यायची? काहीतरीच काय, भिकाभाऊ! मी आहे ना. पुढच्या वर्षी शाळेतली चार माणसं आणते. तुम्ही नुसतं बसून सांगायचं." बोलता बोलता त्यांचा आवाज चढला. वाट होती म्हणून आपण आहोत. तीच गेली तर आभार मानायला यायचं तरी कुठे?

भिका गुडघा चोळत राहिला. तेवढ्यात त्याची बायको चांगुणा भाकरीचं फडकं घेऊन आली. बाईंचे शेवटचे शब्द तिने ऐकले होते.

"सांगा की आता बाईंना," ती नवऱ्याला म्हणाली. "का मरंपर्यंत दंडच भरायचा हाय?"

"कसला दंड?" बाईंनी विचारलं.

"गप गं," भिका पुटपुटला.

"अकरा वर्सं गपच हाय मी. बाई, राईत लोखंड चालत नाय, तुमाला ठावं हाय. आन् त्या दिशी यांनी कोयता आणला आत. येल तोडत पुढं गेले, तवा कुठं डोली निंगाली. गाव बसलं. ज्यानं वाट पाडली त्यानंच ती राखायची, आन् तीबी हातानं, असा दंड केला."

बाईंना डोलीतून ऐकलेला तो आवाज आठवला. खट् खट्. दरवर्षी पिन काढून ठेवणाऱ्या, रीत पाळतो म्हणून मनातल्या मनात खूश होणाऱ्या शिक्षिकेला तो आवाज कशाचा हे एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

"माझ्यामुळे अकरा वर्षं दंड भरलात," त्या कशाबशा म्हणाल्या, "आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत?"

भिका चोरट्यासारखा इकडेतिकडे पाहू लागला.

"अकरा कुठली? पाच वर्सांचा व्हता. कवाच फिटला. नदीवर पूलबी झाला त्याच साली. आता हितून कोण जातंय? गुरंबी नाय जात."

"मग पुढची सहा वर्षं?"

त्याने चांगुणाकडे पाहिलं. ती तोंडाला पदर लावून हसत उभी होती.

"तुमी येत व्हत्या ना," भिका म्हणाला. "हितं आलेला मास्तर पैल्या दिसापासून बदलीचा अर्ज लिवतो. बदली झालेली बाई परत आलेली आमी तुमचीच बगितली. वाट नसती, तर कशाला आल्या असत्या?"

बाईंना हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"अहो, मी दरवर्षी राबायला यायचे ते तुम्हाला एकट्याला एवढी वाट साफ करावी लागते म्हणून!"

मग चांगुणाने कपाळावर हात मारला.

"घ्या! दोगंबी शाणी! आन् भाकऱ्या मी थापतेय." ती तिथेच फतकल मारून बसली आणि फडकं सोडू लागली. "पुढल्या साली पुलावरनं या, बाई. पोरीला घेऊन या. आमचं घर काय राईत नाय."

नागलीची भाकरी, वर लाल मिरचीचा ठेचा. बाईंनी कधी नव्हे ती दीड भाकरी खाल्ली. पुढची अर्धी वाट पानांनी झाकलेली होती, ती तशीच राहिली.

हात धुवायला त्यांनी बाटली उघडली आणि त्यांचं लक्ष त्या रोपाकडे गेलं. सैल झालेलं ते एका बाजूला कललं होतं. बाईंनी गुडघे टेकले, रोप सरळ धरलं आणि दोन्ही तळव्यांनी भोवतीची माती दाबली.

"घट्ट दाबा," भिका म्हणाला. "तुमीच हलवलंय ते."

बाईंनी आणखी माती ओढून घट्ट दाबली आणि बाटलीतलं उरलेलं पाणी सगळं तिथेच ओतलं. मग चांगुणाने एका बाजूने आणि बाईंनी दुसऱ्या बाजूने भिकाला उठवलं. परत निघताना तिघंही त्या रोपाला वळसा घालून गेली.