कललेलं जू

म्हशाच्या गुरांच्या जत्रेला निघायच्या सकाळी सकुबाई दावणीपुढं आडवी उभी राहिली आणि गोऱ्हा सोडू देईना.

भावांची वाटणी झाली तेव्हा एकाच पावसाळ्यातले दोन गोऱ्हे एकेक करून वाट्याला आले होते. एक सकुबाईच्या नवऱ्याला, यमाजीला, एक धाकट्या देवरामला. रंग, शिंगं, उंची, सगळं सारखं. जत्रेत जोडीला गिऱ्हाईक भारी मिळतं. येतील ते पैसे निम्मेनिम करायचे, असं भावांचं ठरलं होतं.

"निम्मेनिम कशापायी?" सकुबाई म्हणाली. "माझा चिमाच्यापरीस उजवा हाय. नांगरणीच्या तोंडावर इकू. तवा बैलाबिगर कुनाचं चालतंय?"

"तवर पेंढा पुरंल का गो?" यमाजीनं विचारलं.

"मी पुरवीन."

जावा जावा, उभा दावा. विहिरीवर बाया धाकटीच्या, चिमाच्या गोऱ्ह्याची तकाकी वाखाणत, आणि चिमा नुसती हसे. ते हसणं सकुबाईला कुसळासारखं रुते. दोघींच्या जनावरांना एकच मोल लागावं, हे तर तिला सोसवेना. त्या दिवसापासून घरातली नाचणीची पेज आधी गोऱ्ह्याला गेली, उरली ती माणसांना. रोज ती कुडापलीकडं डोकावून बघे. चिमाचा तसाच होता, हिचा भरत चालला होता.

मिरग जवळ आला तसा दलाल कान्हा डोळखांबच्या एका कुणब्याला घेऊन आला. दोन्ही गोऱ्ह्यांच्या मानेवर जू ठेवून कान्हा मागं सरला, मान वाकडी करून बघत राहिला.

"बाय, ह्यो वाढला, त्यो ऱ्हायला. जू कलतंय."

जोडीचा बेत मोडला; पण कुणब्याचा एक बैल पान लागून, साप डसून मेला होता. उरलेल्याच्या उंचीला चिमाचा बरोबर बसला. तो त्यानं चांगल्या किमतीला नेला. सकुबाईच्या गोऱ्ह्याच्या तोडीचा आता गावात दुसरा नव्हता, आणि एकट्याला कोण घेणार?

चिमा डोळे पुसत कुडापाशी आली.

"बाई, म्हशाला गेलं असतं तर दोघं एका दावणीला ऱ्हायलं असतं गो."



दिवेलागणीला गोऱ्हा कुडाकडं तोंड करून हंबरू लागला. सकुबाईनं पेजेचं घमेलं पुढं धरलं. त्यानं हुंगलं आणि मान फिरवली.

घमेलं तिथंच ठेवून ती उठली. भूक लागली की पियेल, म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं.