बॅगेचा बाजूचा कप्पा

मंगळवारी सकाळी साडेसहाला, पाचव्या व्हॉल्व्हपाशी, मला कुत्रं चावलं. डाव्या मनगटाच्या वर, दोन दात पूर्ण आणि एक अर्धा. दवाखाना झाला, इंजेक्शनं सुरू झाली, कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा असं डॉक्टरांनी बजावलं. सगळं रीतसर झालं. माझ्या डोक्यात मात्र वेगळाच किडा वळवळायला लागला. त्या गल्लीतून रोज शंभर माणसं जातात. पेपर टाकणारे जातात, काठ्या टेकत म्हातारी माणसं जातात, सायकली तर त्याच्या शेपटीला घासून जातात. मग त्याला मीच का सापडले?

माझा स्वभाव मुळात भोचक. मामी म्हणते, कुणी साधं शिंकलं तरी ही कधीपासून ते विचारेल.

मी पाणीपुरवठ्यात आहे. सकाळी रस्त्याखालचे व्हॉल्व्ह उघडायचे, दोन तासांनी बंद करायचे, तेवढ्या वेळात त्या त्या गल्लीने आपापल्या टाक्या भरून घ्यायच्या. हातात माझ्या छातीला लागेल एवढी लोखंडी चावी, खांद्याला हत्यारांची बॅग, आणि एकूण सात व्हॉल्व्ह. हाच पट्टा बावीस वर्षं माझ्या मामाकडे होता. दीड महिन्यापूर्वी तो निवृत्त झाला आणि पंपघरातून माझी इथे बदली झाली. चावी, बॅग आणि व्हॉल्व्हच्या फेऱ्यांची वही त्याने माझ्या हवाली केली ती राज्य सोपवल्याच्या थाटात. वर म्हणाला की कुत्र्यांना भ्यायचं नाही, ती माणूस बरोबर ओळखतात. बावीस वर्षांत एकाही कुत्र्याने त्याच्याकडे बघून दात विचकले नव्हते. हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. कुणाच्याही लग्नात जेवणं झाली की मामा हा विषय काढायचाच.

मी चावून घेतल्याचं कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला की तू घाबरली असशील. मला राग आला. दुखणाऱ्या हातापेक्षा तो राग जास्त टिकला.

गुरुवारी प्रकरण हाताबाहेर गेलं. नऊ नंबरातली सात वर्षांची मुलगी शाळेला निघाली होती. कुत्र्याने तिचं दप्तर धरलं, ती पडली, आणि ओढाताणीत कोपराला चावला. चार टाके. त्या दिवसापासून तिची आई जिन्याच्या दारात काठी घेऊन बसायला लागली. मला पाहून ती शांतपणे म्हणाली, "ज्याचा असेल त्याने त्याला घेऊन जावं. कुणाचाच नसेल तर सरकारने न्यावं. सोमवारी पोरगी परत शाळेला निघेल तेव्हा तो मला इथे दिसता कामा नये." तिच्या जागी मी असते तर मीही काठी घेतली असती.

शुक्रवारी ड्यूटी संपल्यावर मी कुत्र्यांच्या खात्यात गेले. खातं म्हणजे एक टेबल, एक कपाट, आणि एक कारकून. त्याच्या नाकावरचा चष्मा दर वाक्याला घसरायचा आणि तो दर वाक्याला तो वर ढकलायचा. त्याने मला फॉर्म दिला आणि नियम समजावला. कुत्र्याला जो रोज खायला घालतो तो त्याचा मालक. मालक मिळाला तर कुत्रं त्याच्या घरी, त्याच्या दोरीला, आणि झाल्या प्रकाराचं उत्तर त्याने द्यायचं. मालक नसेल तर 'बेवारस' लिहायचं. सोमवारी दुपारी गाडी येईल.

गाडी कुठे नेते, मी विचारलं. त्याने चष्मा वर ढकलला आणि म्हणाला, "परत आणत नाही."

फॉर्म मी तिथेच भरायला घेतला. मालकाचा रकाना रिकामा ठेवला, कारण सोमवारपर्यंत मुदत होती. आणि आणखी एक गोष्ट मी लिहिली नाही. चावायच्या आदल्या दिवशी त्याने माझी बॅग ओढली होती, तेव्हा मी चावीचा एक फटका त्याच्या पाठीत घातला होता. लिहायला जागा नाही असं मी स्वतःला सांगितलं. 'शेरा' म्हणून चांगला चार ओळींचा रकाना होता.

संध्याकाळी मी दारोदार निघाले. पाण्याच्या माणसाला कुणी दार लावून घेत नाही, हा आमच्या नोकरीचा एक फायदा. तीन नंबरात कुत्र्याला काळ्या म्हणत होते, सहा नंबरात टायगर, आणि आठ नंबरातल्या आजोबांच्या मते त्याचं नाव हाड होतं, कारण त्यांनी त्याला दुसरं काही म्हटलेलं त्यांना आठवत नव्हतं. नावं सगळ्यांनी ठेवली होती. खायला कोण घालतं म्हटलं की सगळे कानांवर हात ठेवायचे. वरच्या मजल्यावरचे म्हणायचे खालचे घालत असतील, खालचे म्हणायचे समोरचे.

मला एक माणूस खोटं बोललेला चालतो. अख्खी गल्ली एकच खोटं बोलते आहे म्हटल्यावर मला वाटलं, ही माणसं खरंच तर बोलत नसतील ना?

चौदा नंबरात एक निवृत्त टायपिस्ट बाई राहतात. त्यांची खुर्ची खिडकीत असते आणि गल्लीत काय घडलं ते त्यांना वर्तमानपत्राच्या आधी माहीत असतं. त्या म्हणाल्या, "अगं, तो दिवसभर बाजारात चरतो. गल्लीत कुणाच्या हातचं खात नाही. पण सकाळी साडेसहाला मात्र तुझ्या व्हॉल्व्हच्या झाकणावर येऊन बसतो. सहा वर्षं झाली, घड्याळ लावून घ्यावं. तुझ्या आधीचे होते ना, ते आले की शेपटीने रस्ता झाडायचा."

मामाचं ऐकून मला आधी अभिमान वाटला. म्हणजे खरंच ओळखत होता तर. जिना उतरता उतरता तो अभिमान जरा गार झाला. कुत्रं माणूस ओळखतं हे ठीक. पण मग त्याने मुलीचं दप्तर कशाला धरलं?

शनिवारी मी बॅग पंपघरात ठेवली आणि नुसती चावी घेऊन गेले. तो झाकणावरून उठला, माझ्या दोन्ही खांद्यांकडे बघितलं आणि परत बसला. मला चावी फिरवू दिली. रविवारी मी बॅग नेली, पण ती गल्लीच्या तोंडाशी कठड्याला अडकवली आणि स्वतः रस्त्यापलीकडे, बंद दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. भीतीपेक्षा बघायची हौस जास्त होती. तो आला. मोठ्या कप्प्याला त्याने नाकही लावलं नाही. थेट बाजूच्या छोट्या कप्प्यात तोंड घातलं, हुंगलं, पंजाने ओढलं, आणि मग बॅगेकडे बघून भुंकला. रागाने नाही. दुकान उघडं आहे आणि आत कुणी नाही, अशा वेळी माणसं हाक मारतात तसा.

तो कंटाळून बाजाराकडे गेल्यावर मी बॅग काढली आणि तो कप्पा उलटा केला. मी तो कधी वापरलाच नव्हता. शिवणीत पिवळसर भुगा बसला होता. बोटाने काढून वास घेतला. टोस्ट.

मग मी वही उघडली. प्रत्येक व्हॉल्व्हपुढे चावीचे किती फेरे ते लिहिलेलं होतं, आणि काहींच्या खाली पेन्सिलीची टिंबं. दुसऱ्याखाली एक, तिसऱ्याखाली एक, पाचव्याखाली दोन. पहिल्याच आठवड्यात मी मामाला त्या टिंबांचं विचारलं होतं, तर तो म्हणाला होता, असंच काहीतरी, गळतीचं. मी दीड महिना पाचव्या व्हॉल्व्हची गळती शोधत होते.

दुपारी मी मामाकडे गेले. तो कपडे वाळत घालत होता. मी भुग्याची पुडी त्याच्यासमोर टेबलावर ठेवली, शेजारी वही, शेजारी फॉर्म. मामीने पुडी उघडून पाहिली आणि तिलाच आधी उलगडा झाला. रोज एक पुडा टोस्ट लागायचा, ती म्हणाली, मला वाटायचं ह्यांनाच भूक लागते.

मामा खुर्चीत बसला. हातात एक ओला मोजा तसाच.

"या पट्ट्यावरच्या पहिल्या दिवशी मी कुत्र्यांना भिऊन चावी रस्त्यात टाकून पळून आलो होतो," तो म्हणाला. "त्या दिवशी तीन गल्ल्यांना पाणीच नव्हतं. साहेबाला सांगितलं, चावी अडकली. दुसऱ्या दिवशी टोस्ट नेले. मग रोजच नेले. मला कुत्र्यांची भयंकर भीती वाटते गं. अजूनही वाटते."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार? तू सगळ्यांना सांगत फिरायचीस, आमचा मामा कुणाला भीत नाही म्हणून."

मी खरंच तसं सांगत फिरायचे. शाळेत असल्यापासून. मला त्याच्यावर ओरडायचं होतं, माझा हात दाखवायचा होता, आणि त्याच वेळी त्याच्या हातातला तो ओला मोजा काढून घ्यावासाही वाटत होता. मी ओरडलेच शेवटी. म्हटलं, तुझ्या शेखीपायी एका पोरीचा कोपर फाटला. तुझे टोस्ट बंद झाले, त्याने दीड महिना वाट पाहिली, आणि मग दिसेल त्या बॅगेत शोधायला लागला.

मामाने विचारलं, "किती टाके पडले?"

मी चार म्हटलं. मालकाच्या रकान्यात त्याचं नाव लिहायचं की बेवारस लिहायचं, हे मला ठरवता येईना. एका नावाने मामाच्या घरात त्याचीच भीती बांधली जाणार होती. दुसऱ्या शब्दाने एक कुत्रं परत येणार नव्हतं. मी फॉर्म उचलून घरी आले.

सोमवारी साडेसहाला मी गल्लीत पोचले तेव्हा मामा आधीच तिथे होता. हातात कपडे वाळत घालायची दोरी. नऊ नंबराच्या जिन्यात मुलीची आई उभी होती, तिची काठी भिंतीला टेकलेली. मामा तिच्या दारात जाऊन आला होता. तिने त्याला काय काय ऐकवलं ते टायपिस्ट बाईंनी मला नंतर शब्दशः सांगितलं, आणि ते सगळं खरं होतं. मामाने एकदाही स्वतःची बाजू मांडली नव्हती.

मी त्याच्या कानात म्हटलं, टोस्ट आणलास का, लगेच येईल. तो म्हणाला, टोस्टनेच तर वाट लागली.

कुत्रं झाकणावरून उठलं. शेपटीने रस्ता झाडत मामापाशी आलं. मामाने डोळे घट्ट मिटले, दोन्ही तळवे उघडे धरले. कुत्र्याने उजवा तळवा हुंगला, डावा हुंगला, खिसे हुंगले. काही नव्हतं. मी चावी दोन्ही हातांनी धरली होती.

"गेलं का?" मामाने डोळे न उघडता विचारलं.

"नाही. बसलंय."

त्याने तशाच मिटल्या डोळ्यांनी दोरी कुत्र्याच्या गळ्यात घातली. तीन वेळा गाठ चुकली.

दहा वाजता आम्ही तिघं कुत्र्यांच्या खात्यात होतो. कारकुनाने टेबलाखाली वाकून पाहिलं आणि पाय वर घेतले. मामाने मालकाच्या रकान्यात आपलं नाव लिहिलं. पुढचा रकाना होता, प्राणी आपल्याकडे कधीपासून आहे. कारकुनाने चष्मा वर ढकलला आणि आवाज खाली आणला. वयस्कर माणसाचं भलं करायचं त्याच्या मनात असावं.

"काका, आजची तारीख टाका. म्हणजे मुलीचं प्रकरण तुमच्या अंगावर येणार नाही. कुत्रं आजपासून तुमचं."

मामाने माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलाखाली कुत्र्याने हनुवटी त्याच्या बुटावर टेकली होती आणि त्याचा तो पाय दगडासारखा ताठ झाला होता. त्याने लिहिलं, 'सहा वर्षं', आणि खाली सही केली.

कारकून फॉर्म घ्यायला हात पुढे करत होता. मी म्हटलं, थांबा. फॉर्म माझ्याकडे ओढला, शेऱ्याच्या रकान्यावर आले, आणि लोखंडी चावीच्या फटक्याचं लिहायला लागले. चार ओळी पुरल्या.