वगीहची पाटी

मी वगीहची पाटी बोलतेय. विद्यार्थ्याच्या नावाची, बाकावर उभी करायची; जाड पुठ्ठ्याची, मधोमध दुमडलेली. अलेक्झांड्रियातल्या या व्यवस्थापनाच्या कॉलेजात शनिवारी सकाळी नोकरदार मंडळी शिकायला येतात. प्राध्यापिका डॉक्टर सफिनाझ पाटी वाचून ज्याचं नाव घेतील, त्याने बोलायचं. पाटी दिसली की हजेरी लागते, म्हणून दोस्तमंडळी न आलेल्याची पाटीही मांडून टाकतात. एकजात लबाड सगळे!

वगीह कापडगिरणीत बॉयलरचा इंजिनिअर होता. डॉक्टरांनी स्वतः लिहिलेला, त्यांचा आवडता धडा नेमका त्याच गिरणीवर: तिथले संचालक शुक्रीसाहेब यांनी खर्चाला कात्री लावून बुडती गिरणी कशी तारली. थोर नेतृत्व म्हणे! त्या कात्रीत दोन्ही बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हची दुरुस्तीही गेली होती, हे वगीहला ठाऊक होतं. त्याने एकदा तास संपल्यावर डॉक्टरांना सांगितलं.

"अरे बाबा, गिरणीची सही असल्याशिवाय धडा छापता येत नाही," त्या म्हणाल्या. "हे वाक्य घातलं तर सही कोण करणार? तुझे वडील?"

मला फार राग आला. वगीह शेजारच्या नर्मीनला म्हणाला, "पुढच्या शनिवारी तो धडा आहे. भर वर्गात बोलतो. नोकरी गेली तर तुझ्याकडे जेवायला येईन."

"ये की. भांडी मात्र तूच घासायची."

पुढच्या शनिवारी तो आला नाही. "झोपला असेल मेला," असं पुटपुटत नर्मीनने मला मांडलं. पहाटे गिरणीतला एक बॉयलर फुटला होता आणि वगीह तिथेच होता, हे वर्गात कुणालाच माहीत नव्हतं.

धडा संपत आला. डॉक्टरांची नजर माझ्यावर थांबली. "वगीह, तू सांग. काय शिकलास या साहेबांकडून?"

रिकामी खुर्ची करकरली. माझ्या पुठ्ठ्याला गरम वाफ लागली. मग आवाज आला, सगळ्यांनी ऐकला: "एक फुटला, डॉक्टर. दुसरा चालू आहे."

नर्मीनच्या हातून चहाचा पेला निसटला. पाठोपाठ फोन वाजायला लागले.

गिरणीने सगळं खापर मेलेल्या वगीहवरच फोडलं. नर्मीनने पुन्हा कधी कुणाची पाटी मांडली नाही. डॉक्टरांनी मला स्वतःच्या हाताने फाडून कचऱ्यात टाकलं. तरी दरवर्षी त्या धड्याच्या दिवशी मी तिसऱ्या रांगेत असते, अख्खी आणि दमट. कोण मांडतं, देव जाणे! डॉक्टर मला पाहतात, त्यांचा चेहरा उतरतो आणि त्या दुसऱ्याच कुणाचं तरी नाव घेतात. धड्यातला एकही शब्द बदललेला नाही. दुसरा बॉयलर अजून चालूच आहे.

आज माझ्या शेजारी नवी मुलगी बसलीय. सुहैर, गिरणीतली नवी बॉयलर इंजिनिअर. बिचारी मन लावून लिहून घेतेय: शुक्रीसाहेब, थोर नेतृत्व. तिची पाटी कोरी करकरीत आहे, पण मघापासून तीही गरम होऊ लागलीय.

डॉक्टर, पाया पडते तुमच्या, आज माझं नाव घ्या. एकदाच विचारा. नाहीतर पुढच्या वर्षी आम्ही दोघी पाट्या इथे अशाच दमट असू.