अर्धा आरसा आणि मास्तरांची कात्री

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. खरं सांगायचं तर अर्धाच आहे. माझा वरचा भाग जाऊन बरीच वर्षं झाली, पण तो मला अजून जाणवतो. कसा, ते सांगतो, घाबरू नका.

कारखान्यात माझ्या पाठीला चंदेरी मुलामा चढला आणि मागचं जग मला कायमचं बंद झालं. पुढे मी एका शिंप्याच्या ट्रायल रूममध्ये उभा राहिलो. शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. काय ते दिवस! पोट आत ओढून 'बरोब्बर बसलं!' म्हणणारे गृहस्थ मी पाहिले आणि पाठ वळताच सुटलेली त्यांची पोटंही पाहिली. मास्तर गिऱ्हाइकाच्या मागे उभे राहत आणि उजव्या हाताने खांद्यावरची सुरकुती हलकेच सारखी करत. त्या हाताच्या अंगठ्यावर कात्रीचा घट्टा होता. तो हात मला तोंडपाठ होता.

त्याच हाताच्या हाडात गाठ निघाली. कॅन्सर होता. दवाखान्यात निघायच्या सकाळी मास्तर लेकीचा फ्रॉक कापत होते. अर्ध्यावरच अशी कळ आली की मूठ आवळली गेली. बायकोने एकेक बोट उलगडून कात्री काढून घेतली. मास्तर गेले ते परत आले, पण हात आला नाही. तो खांद्यापासून काढावा लागला होता. दुकान बंद पडलं आणि मी अंधारात धूळ खात राहिलो.

पुढचं मी नंतर, डॉक्टरबाईंच्या खोलीत आल्यावर, ऐकलं. या बाई फक्त दुखण्यावर इलाज करत. कॅन्सरने पिडलेली, वर्षानुवर्षं कंबर धरून बसलेली, सगळीकडून थकून आलेली माणसं त्यांच्याकडे येत. "तुम्हाला काही झालेलं नाही," असं कुणालाही म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

मास्तरांची गाठ गेली, हात गेला, दुखणं मात्र राहिलं. नसलेल्या हाताची मूठ आवळलेली असे आणि नसलेली नखं तळव्यात रुतत. थोरले भाऊ म्हणत, "अरे, हातच नाही तर दुखेल काय? मनाचे खेळ सगळे!" पण मास्तरांचं खरं दुःख वेगळंच होतं. लेक उजवीकडे येऊन बसली की ते ओरडत, "तिथे नको! हात चेंगरतोय!" पोर दचकून उठे. मग ती त्या बाजूने जाताना वळसा घालून जाऊ लागली, जणू तिथे कुणी उभं आहे.

"दुखणं सोसेन मी, डॉक्टर," मास्तर म्हणाले, "पण पोरगी मला भितेय हो."

डॉक्टरांना त्यांच्यासाठी आरसा हवा होता. मास्तरांनीच माझं नाव काढलं. मी टेबलावर मावेना, म्हणून काचवाल्याने मला आडवं कापलं. वरचा तुकडा जिन्यात पडून फुटला. तेव्हापासून कुणी उंच माणूस समोर आला की मी जिथे नाही तिथे मला त्याचा चेहरा दिसतो. कधीकधी समोर कुणी नसतानाही दिसतो.

मला टेबलावर उभं केलं. मास्तरांचा डावा हात माझ्यासमोर, रिकामी बाही माझ्या पाठीमागे. माझ्यात पाहिलं की डाव्याचा उजवा दिसे, जणू गेलेला हात जागेवर परत आलाय.

"हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात," मास्तर म्हणाले. "मला हातच नाही, म्हणून आरसा!" कुणीच हसलं नाही.

"दोन्ही मुठी उघडा," डॉक्टर म्हणाल्या. डावी उघडली. माझ्यातली उजवीही उघडली. पण मास्तर घामाघूम झाले. "नाही हो सुटत."

"मुठीत काही धरलंय का?"

मास्तरांनी रिकाम्या बाहीकडे पाहिलं. "कात्री आहे," ते म्हणाले.

पुढच्या खेपेला बायको ती कात्री घेऊन आली. मास्तरांनी ती डाव्या हातात धरली, माझ्यात पाहिलं आणि ओरडलेच, "ही माझी नव्हे! पाती उलटी आहेत!" आरशात सगळं उलटं दिसणारच, पण शिंप्याचा डोळा कसा फसेल? डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. मग त्यांनी शोधाशोध करून डावखुऱ्या माणसाची कात्री आणली. ती माझ्यात सरळ दिसली, हुबेहूब मास्तरांची.

"आता सावकाश खाली ठेवा."

मास्तरांनी ठेवली. टेबलावर 'खट्' झालं. आणि मित्रांनो, लगोलग माझ्या पाठीमागे, रिकाम्या बाहीच्या बाजूला, आणखी एक 'खट्' झालं. डॉक्टरांनी वाकून मागे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. मास्तर रडत होते. "सुटली," ते म्हणाले, "बोटं सुटली."

दुखणं एका झटक्यात गेलं नाही. गोळ्या चालू होत्या, खेपाही चालू होत्या. मूठ पुन्हा आवळली की मास्तर माझ्यासमोर बसत आणि कात्री खाली ठेवत.

एकदा लेक सोबत आली. तो अर्धवट राहिलेला फ्रॉक आईने कसाबसा पुरा केला होता, तोच तिच्या अंगात होता. मास्तरांनी उजवीकडची जागा दाखवली. "ये गं, बस."

ती बाहीकडे बघत राहिली. "बाबा, तिथे हात आहे ना?"

"आहे. पण आता उघडा आहे."

ती भीत भीत टोकावर बसली, मग हळूच त्यांना टेकली. त्या दिवशी मला तिरकं ठेवलं होतं, म्हणून दोघंही मला दिसत होती. फ्रॉक खांद्यावर चुरगळला होता. बघता बघता ती सुरकुती आपोआप सारखी झाली. मास्तरांचा डावा हात त्यांच्या मांडीवर होता. पोर घाबरली नाही. तिने डोळे मिटून घेतले.

आता माझा मुलामा उडालाय, कडांवर काळे डाग पडलेत. मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण कुणी रिकाम्या जागेकडे बोट दाखवून "इथे दुखतं" म्हणालं, तर हसू नका. मुठीत काय धरलंय, ते विचारा. आणि कधी माझ्यासमोर आलात, तर माझ्या वरच्या कडेपलीकडच्या भिंतीकडे फार वेळ बघत राहू नका. मी तिथेही आहे.