आखरीले भेटतेत का?

आमच्या बिडीच्या कारखान्यात एक नियम होता, आणि तो मालकानं नव्हे, बायांनी केलेला होता. नवीन पुस्तक सुरू करण्याआधी मी शेवटचं पान उघडून पाहायचं. मग मनकर्णाबाई, आमच्यातली सगळ्यात थोरली, सुपातून मान वर न करता विचारायची, "आखरीले भेटतेत का?" मी "भेटतेत" म्हटलं की हात पुन्हा चालू. "नाई" म्हटलं तर पुस्तक आल्या पावली परत.

मी मैना, चौथी पास. बारा जणींत वाचता येणारी एकटीच. मी मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी माझ्या वाट्याच्या बिड्या वळायच्या, असा सौदा. पुस्तकं गुणवंतराव मुनीम चांद्याच्या वाचनालयातून आणायचे. त्या साली आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, पण पुस्तकं काही बदलली नाहीत. तोच डॉक्टर, तीच गरीब मुलगी, मध्ये एक गैरसमज, शंभर पानं रडारड आणि शेवटी हातात हात. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला त्या हातात हाताचा वीट आला होता. वाचताना एका जागी बूड टिकायचं नाही. दोघं भेटणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असताना या बाया रडतात तरी कशाला? एकदा मनकर्णाबाईला विचारलंच.

"भेटणार हायेत म्हणून तं बिनघोर रडता येते, बाई," ती म्हणाली.

मग ते पुस्तक आलं. शेवटच्या पानावर एक बाई स्टेशनात एकटी बसलेली, गाडी निघून गेलेली. मी ते पान दोनदा वाचलं. असं काही मी आजवर वाचलं नव्हतं आणि मला ते पुस्तक हवंच होतं. मनकर्णाबाईनं नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, "भेटतेत."

पुस्तकातल्या मालतीचा नवरा ब्रह्मदेशाच्या लढाईत गेलेला. पत्र नाही, खबर नाही. दुसऱ्याच दिवशी सगळ्या जणी चोरून आमच्यातल्या गिरजाकडे बघायला लागल्या. गिरजाचा नवरा इस्तारी तीन वर्षांपूर्वी घुग्घुसच्या कोळशाच्या खाणीत कामाला गेला होता. दोन महिने निरोप आले, मग तेही थांबले. आता सिंदेवाहीच्या नथ्थूनं तिला पाटाची, दुसऱ्या लग्नाची मागणी घातली होती. विधुर होता, थोडी धानाची शेती होती. रविवारी जातीचे पंच बसणार होते. पाट लावायचा तर आधी गिरजानं पंचांसमोर इस्तारीच्या नावानं काडी मोडून त्याच्याशी नातं तोडायचं. ती हो म्हणत नव्हती, नाहीही म्हणत नव्हती.

गुरुवारी ती मला म्हणाली, "मैना, पुस्तक शनवारपर्यंत संपव. थे बाई काय करते ते पाहून मी पंचाले सांगीन."

मला तेव्हाच खरं बोलता आलं असतं. पण मी पान उलटलं आणि पुढं वाचत गेले. माझ्यासारखी भित्री मीच.

शनिवारी नको ते पान आलंच. मालतीला कळतं की नवरा जिवंत आहे, शहरात आहे, आणि त्यानं दुसरं घर केलं आहे. मी मान वर केली. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि गिरजाच्या हातातली बिडी तशीच अर्धी वळलेली होती. मग मी पुस्तकात बघत बघत मनातलंच वाचलं, की दार वाजलं, मालतीनं उघडलं, तर तो उभा. हातात हात. संपलं. पुस्तक मिटलं. बायांनी डोळे पुसले, मनकर्णाबाईनं तर माझ्या सुपात बिड्यांचे दोन कट्टे जास्तीचे टाकले. गिरजा उठून गेली.

घरी आले तरी तेच डोक्यात. आता ही बाई केस पिकेपर्यंत इस्तारीची वाट बघत बसणार आणि तिला मी बसवलेलं असणार. आत-बाहेर, आत-बाहेर करून अंगण तुडवलं. शेवटी उन्हं कलायच्या आत पुस्तक घेऊन गिरजाचं घर गाठलं. ती विळीवर बोडीतले, गावच्या लहान तळ्यातले मासे साफ करत होती.

"गिरजाबाई, मी खोटं वाचलं."

"मले मालूम हाये. तू पुस्तक मिटलं तवा बोटभर पानं उरली होती. भेटल्यावर एवढी पानं कायले लागतेत?" तिचा हात थांबला नाही. "वाच आता."

मी वाचलं. मालती शहरात जाते. रस्त्याच्या पलीकडून तिला तो दिसतो, खांद्यावर पोर घेतलेला. ती हाक मारत नाही. स्टेशनात येते, गाडी चुकते. बाकावर बसून चहा पिते.

"मंग?"

"मंग काई नाई. संपलं."

"मेली नाई ना?"

"नाई."

गिरजानं हात धुतले. "तुया त्या बाकीच्या बाया नवरा भेटला का संपतेत. हे बाई च्या पेऊन उठंल, कुठी तरी जाईल."

मला राग आला. "पण तिले किती दुख हाये!"

"हाये ना. पण आता कोनाची वाट नाई पाहा लागत तिले."

रविवारी पारावर पंच बसले. नथ्थू नवं लुगडं कागदात गुंडाळून घेऊन आला होता. पंचांचे म्होरके दादाजी यांनी गिरजाच्या हातात काडी दिली. तिनं ती लगेच मोडली. लोकांनी सुस्कारा टाकला, नथ्थूच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"मंग आता पाटाचा दिवस ठरवू," दादाजी म्हणाले.

"पाट नाई लावाचा मले."

"मंग काडी काऊन मोडली?"

"वाट पाहाचं बंद करासाठी."

मग नथ्थूच पुढं आला. माणूस भला होता, हीच तर पंचाईत. "मी थांबतो," तो म्हणाला. "वरीस, दोन वरीस. तू म्हनशील तवा."

मनकर्णाबाईनं पदर डोळ्याला लावला. कारखान्यातल्या सगळ्या जणी श्वास रोखून उभ्या होत्या. आणि खोटं कशाला बोलू, मीसुद्धा. जिला हातात हाताचा वीट आला होता, तिच्याच तोंडून निघून गेलं, "हो म्हन ना, गिरजाबाई!"

गिरजानं माझ्याकडे पाहिलंदेखील नाही. ती नथ्थूकडे बघत होती, रागानं नाही, मायेनंच.

"थांबू नोको भाऊ," ती म्हणाली. "लय वाईट काम हाये थे."